कागद गाडीचा, फोन माणसाचा

नाकाबंदीला गाडी बाजूला घ्यायला लावली की पुढच्या दोन मिनिटांत ग्लोव्ह बॉक्समधून काय काय बाहेर पडतं, ते पाहण्यासारखं असतं. टोलच्या पावत्या, प्रसादाची पुडी, सुकलेली दोन पेनं, सर्व्हिसिंगची बिलं, मुदत संपून जमाना झालेली पीयूसी आणि या सगळ्याच्या तळाशी विमा कंपनीचं नाव छापलेलं पाकीट. पाकिटात पॉलिसी असते, पण गेल्या वर्षीची. या वर्षीची ई-मेलवर आलेली असते, आणि तो ई-मेल बायकोचा असतो, कारण गाडी तिच्या नावावर आहे. ती या वेळी ऑफिसात मीटिंगमध्ये असते.

गाडी चालवताना विम्याचे कागद कुठे ठेवायचे, या प्रश्नाला आपल्या घरांत साधारण दोन उत्तरं मिळतात. वडील म्हणतात, कागद गाडीतच हवेत. मुलं म्हणतात, कागद हवेत कशाला, सगळं मोबाइलमध्ये आहे. कायदा उघडून पाहिला तर मुलांचं खरं आहे. रस्त्यावर काय काय घडू शकतं ते पाहिलं तर वडिलांचंही चुकत नाही. मात्र या वादात एक साधी गोष्ट बाजूला राहून जाते. लायसन्स चालवणाऱ्याचं असतं आणि विमा गाडीचा असतो. स्टिअरिंगवर मेहुणा बसो, ड्रायव्हर बसो की नुकतं पक्कं लायसन्स मिळालेली मुलगी बसो, विमा तोच. त्यामुळे लायसन्स खिशात किंवा फोनमध्ये असलं की भागतं, तसं विम्याचं भागत नाही. त्याला गाडीत एक आणि गाडीबाहेर एक अशा दोन जागा लागतात. फोन ही त्यांतली गाडीबाहेरची जागा आहे. तो मालकाच्या खिशात असतो आणि मालक दर वेळी गाडीत असतोच असं नाही.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण त्याबद्दल रस्त्यावर जितकं बोललं जातं, त्यातलं बरंचसं ऐकीव असतं. दुसऱ्याला होणाऱ्या नुकसानीचा, म्हणजे थर्ड पार्टीचा विमा आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने सक्तीचा केला आणि ती सक्ती १९४६ पासून अमलात आली. आजचा कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १४६ प्रमाणे असा विमा नसलेली गाडी सार्वजनिक जागी वापरता येत नाही. नसेल तर कलम १९६ खाली पहिल्या वेळी २,००० रुपये, पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे २०१९ च्या दुरुस्तीनंतरचे. इतका धाक असूनही देशात रस्त्यावरच्या वाहनांपैकी निम्म्याच्या आसपास वाहनं विनाविमा फिरतात, हे सरकारी आकडेवारीतूनच वारंवार समोर आलं आहे. यात दुचाक्यांचा वाटा मोठा आहे.

विमा नसणं आणि विम्याचा कागद जवळ नसणं हे दोन वेगळे गुन्हे आहेत. चौकात मात्र त्यांची सर्रास सरमिसळ होते, पोलिसांकडूनही आणि चालकांकडूनही. कलम १५८ सांगतं की गणवेशातल्या अधिकृत पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर विम्याचं प्रमाणपत्र, नोंदणी प्रमाणपत्र, पीयूसी आणि लायसन्स दाखवलं पाहिजे. त्याच कलमात पुढे अशी सोय आहे की मागितल्यापासून ७ दिवसांच्या आत तुम्ही सांगितलेल्या पोलीस ठाण्यात प्रमाणपत्र हजर केलं, तर केवळ त्या वेळी दाखवलं नाही म्हणून दोषी ठरवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १३९ कागद नंतर सादर करायला १५ दिवस देतो. ही सवलत फार कमी चालकांना माहीत असते, आणि माहीत असलेले फार कमी जण चौकात ती सांगायच्या फंदात पडतात. मागे हॉर्न वाजत असतात, मुलाची शाळा सुटलेली असते. कागद न दाखवल्याबद्दलचा दंड कलम १७७ प्रमाणे पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आहे. तो भरून मोकळं होणं लोकांना परवडतं. पण पावतीवर कलम कुठलं पडलं आहे ते बघूनच पुढे जावं. विमा चालू असताना १९६ लागलं असेल तर पाचशेच्या जागी दोन हजार जातात, आणि शिवाय विनाविमा गाडी चालवल्याची नोंद नावावर राहते.

सवलतीची एक मेख आहे. ७ दिवसांची ही मुभा ट्रक, टेम्पो, टॅक्सी अशा व्यावसायिक वाहनांच्या चालकांना तशीच्या तशी लागू नाही. म्हणूनच ट्रकच्या केबिनमध्ये परमिट, फिटनेस, टॅक्स, विमा आणि पीयूसी यांची जाडजूड फाइल कायम असते. ट्रकवाल्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवून टाकला आहे. तिथे मालक इचलकरंजीत आणि गाडी इंदूरजवळ, असा रोजचा मामला असल्यामुळे कागद गाडीबरोबर फिरले पाहिजेत हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता मोबाइलची बाजू. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना कळवलं की डिजिलॉकर किंवा एमपरिवहन या ॲपमधले कागद मूळ कागदांच्या बरोबरीचे मानावेत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये नियम १३९ बदलला आणि नोंदणी, विमा, फिटनेस, परमिट, लायसन्स, पीयूसी हे सगळं छापील किंवा इलेक्ट्रॉनिक स्वरूपात दाखवता येईल असं स्पष्ट झालं. १ ऑक्टोबर २०२० पासून नियम आणखी पुढे गेले. अधिकाऱ्याला त्याच्या यंत्रावर कागद वैध असल्याची खात्री झाली, तर छापील प्रत मागायचीच नाही, असा दंडक आला. विम्याच्या बाबतीत तर कंपन्या आपल्या पॉलिसींची माहिती विमा माहिती मंडळामार्फत वाहन या राष्ट्रीय नोंदणीत पाठवतात. गाडीचा नंबर टाकला की विम्याची मुदत कधीपर्यंत आहे ते पोलिसाच्या हातातल्या ई-चलान यंत्रावर दिसतं. म्हणजे कागद तुमच्याकडे आहे की नाही, हा प्रश्न तत्त्वतः निकालात निघाला आहे. बिहार आणि ओडिशात तर टोल नाक्यावरच्या कॅमेऱ्याने नंबर टिपून, विमा नसेल तर आपोआप चलान पाठवायची व्यवस्था सुरू झाली. तिथे गाडी थांबवायला कोणी येतच नाही. दाखवायचा कागद हातात घेऊन बसलात तरी तो पाहणार कोण?

एवढं असूनही मी एकट्या मोबाइलवर विसंबून राहा असं म्हणणार नाही. कारणं अगदी किरकोळ वाटावीत अशी आहेत, पण नेमक्या वेळी तीच आडवी येतात. ताम्हिणीत, वरंध्यात, आंबोलीच्या वळणांवर फोनला रेंज नसते, आणि ॲप उघडलं की गोल चक्र फिरत राहतं. नूतनीकरण काल केलं असेल तर वाहनच्या नोंदीत नवी मुदत यायला काही दिवस लागू शकतात. मधल्या काळात यंत्र सांगतं, विमा संपला, आणि तुम्ही सांगता, परवाच भरला. तिथे कंपनीने पाठवलेली पीडीएफच कामाला येते. डिजिलॉकरमध्येही एक फरक आहे, जो अनेकांना ठाऊक नसतो. जारी करणाऱ्या संस्थेकडून थेट आलेला कागद हा मूळ कागदाच्या बरोबरीचा. आपणच फोटो काढून चढवलेला कागद तसा नाही. मग फोनच्या गॅलरीत ठेवलेला आरसी बुकाचा तिरका फोटो किंवा व्हॉट्सॲपवर चुलत भावाने पाठवलेला पॉलिसीचा स्क्रीनशॉट यांची किंमत काय? पोलिसाला नंबर शोधायला त्यांची मदत होते, एवढीच.

खरी गोची होते ती दुसऱ्याची गाडी चालवताना. डिजिलॉकर आधारला जोडलेलं असतं आणि आरसी मिळवायला नाव जुळावं लागतं. त्यामुळे मालकाचे कागद मालकाच्याच खात्यात येतात. एमपरिवहनमध्ये आभासी आरसी दुसऱ्याला देण्याची सोय आहे, पण लग्नाच्या गडबडीत पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला निघालेल्या भाच्याला ती आधी देऊन ठेवणारा मामा मी अजून पाहिलेला नाही. आपल्याकडे गाडी ही निम्मी सार्वजनिक वस्तू असते. शेजारच्या काकांना रात्री दवाखान्यात न्यायचं तर ज्याला चालवता येतं तो किल्ली उचलतो. मग नाक्यावर संवाद ठरलेला. "गाडी कोणाची?" "मामांची, साहेब." "मामांना फोन लावा." मामा झोपलेले असतात. अशा वेळी ग्लोव्ह बॉक्समध्ये एक स्वच्छ, चालू वर्षाची छापील प्रत असली की संवाद तिथेच संपतो.

यापेक्षा गंभीर प्रसंग अपघाताचा. विम्याचा कागद खरा कशासाठी असतो ते त्या दिवशी कळतं, आणि या लेखात मला सगळ्यात जास्त महत्त्वाचा वाटतो तो हाच भाग. पोलीस तपासणीला आपण इतकं घाबरतो की कागद तिच्यासाठीच असतो असा समज होऊन बसला आहे. कलम १३४ प्रमाणे अपघातानंतर चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून द्यायची, पोलिसांना कळवायचं आणि विमा कंपनीला लेखी माहिती द्यायची. त्या माहितीत पॉलिसीचा क्रमांक आणि मुदत, अपघाताची तारीख, वेळ व जागा, जखमी किंवा मृत व्यक्तींचा तपशील, चालकाचं नाव आणि लायसन्सचा तपशील हे सगळं यावं लागतं. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार तपास अधिकाऱ्याने ४८ तासांत पहिला अपघात अहवाल मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा असतो, आणि चालकाने व मालकाने आपापले ठरावीक नमुने ३० दिवसांत भरून द्यायचे असतात. नुकसानभरपाईची पुढची सगळी गाडी या पहिल्या कागदांवरच चालते.

आता असा प्रसंग मनात आणा. चालक बेशुद्ध आहे. त्याचा फोन फुटला आहे, किंवा शाबूत असून त्याच्या बोटाच्या ठशाशिवाय उघडत नाही. मागून आलेले लोक मदत करताहेत, कोणीतरी गाडीचे कागद शोधतंय. इथे गाडीतली छापील प्रत फोनच्या कितीतरी पुढे जाते. दुसऱ्या दिवशी मात्र चित्र उलटं होतं. गाडी पंचनाम्यासाठी पोलीस ठाण्याच्या आवारात उभी आहे, पुढचा भाग चेपून ग्लोव्ह बॉक्स उघडत नाही, किल्ली पोलिसांच्या ताब्यात आहे, आणि घरच्यांना विमा कंपनीला फोन करायचा आहे. आता कागद गाडीत असून नसल्यासारखा. घरी दुसरी प्रत नसेल, किंवा ती ज्या ई-मेलमध्ये आहे त्याचा पासवर्ड फक्त जखमीलाच माहीत असेल, तर कंपनी कुठली इथपासून सुरुवात करावी लागते. मालक स्वतः चालवत असताना दगावला तर मालक-चालकासाठीचं १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण वारसाला मिळू शकतं. ते आपल्याला लागू आहे हेच घरच्यांना माहीत नसतं, कारण पॉलिसी त्यांनी कधी पाहिलेली नसते. गाडीबाहेरची दुसरी जागा म्हणजे स्वतःचाच फोन धरला तर हे सगळं तसंच राहतं. घरातल्या आणखी एका माणसाच्या फोनमध्ये, ई-मेलमधून शोधावी न लागता उघडेल अशी पीडीएफ हवी.

चोरीचा विषय वडिलांच्या मताविरुद्ध जातो. मूळ आरसी गाडीत ठेवून गाडी चोरीला गेली की चोराला गाडीबरोबर कागदही मिळतो आणि दावा करणाऱ्याकडे काहीच उरत नाही. चोरीच्या दाव्यात कंपनी एफआयआर, दोन्ही किल्ल्या, आरसी आणि गाडी सापडत नसल्याबद्दलची पोलिसांची 'अ' समरी मागते. आरसी गेली असेल तर नमुना २६ भरून दुय्यम प्रत काढण्याची आणखी एक फेरी आली. त्याहून वाईट सवय म्हणजे जुनी गाडी घेताना एजंटने सह्या करून घेतलेले नमुना २९ आणि ३० चे कोरे फॉर्म ग्लोव्ह बॉक्समध्येच ठेवून देणं. नाव बदलायचे फॉर्म, सहीनिशी, गाडीतच! चोराला आणखी काय हवं? पॉलिसीवर आणि आरसीवर घराचा पत्ता असतो, आणि पुष्कळांच्या गाडीच्या किल्लीला घराचीही किल्ली लटकवलेली असते. मॉलच्या पार्किंगवाल्याला किंवा गॅरेजच्या पोऱ्याला आपण हा सगळा संच एकत्र देतो. म्हणून आरसीचं स्मार्ट कार्ड पाकिटात किंवा घरी, आणि गाडीत फक्त विम्याची प्रत व आरसीची झेरॉक्स, ही वाटणी मला योग्य वाटते. विम्याच्या बाबतीत तर हरवण्याची भीती बाळगायचं कारणच उरलेलं नाही. कंपनीने डिजिटल सही करून पाठवलेली पीडीएफ हाच आता मूळ दस्तऐवज. तिच्या हव्या तेवढ्या प्रती काढा.

पण कुठल्या कागदाची प्रत? हा प्रश्न २०१८ नंतर नव्याने किचकट झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला एकदम तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा विमा मात्र एका वर्षाचा घेता येतो. त्यामुळे शोरूममधून मिळालेल्या कागदावर दोन वेगळ्या मुदती असतात. पहिल्या वर्षानंतर ओन डॅमेज दुसऱ्या कंपनीकडून स्वस्तात मिळाला की लोक तो घेतात, नवा कागद गाडीत ठेवतात आणि पहिला जुना समजून काढून टाकतात. पोलिसाला कायद्याने बघायचा असतो तो थर्ड पार्टीचा कागद, म्हणजे नेमका तोच टाकून दिलेला. नव्या पॉलिसीवर थर्ड पार्टीच्या पॉलिसीचा तपशील छापलेला असतो, पण तो चौथ्या पानावर बारीक अक्षरांत, आणि दुपारी बाराच्या उन्हात तो कोणी वाचत नाही. तीन वर्षं संपल्यावर उलट घोटाळा होतो. ओन डॅमेजचं नूतनीकरण दर वर्षी बिनचूक केलेलं असतं, म्हणून आपला विमा चालू आहे असं मालक समजत राहतो, आणि थर्ड पार्टी केव्हाच संपलेली असते.

रस्त्यावर अख्खी पॉलिसी दाखवायची गरज नसते. लागतं ते विम्याचं प्रमाणपत्र, नियमांतला नमुना ५१. बहुतेक कंपन्या ते आणि पॉलिसीची अनुसूची एकत्र, पहिल्या एकदोन पानांवर छापतात. बाकीची वीस पानं अटी-शर्तींची. ती घरी बसून वाचायची, गाडीत कोंबायची नाहीत. पूर्वी पॉलिसी हातात यायला वेळ लागे म्हणून एजंट कव्हर नोट देत. नमुना ५२, मुदत ६० दिवस. आता ती क्वचितच दिसते, पण जुन्या गाड्यांच्या पाकिटांत अजून सापडते, आणि तिच्या जोरावर निर्धास्त असलेला एखादा मालकही.

प्रमाणपत्रावर पाहण्यासारख्या गोष्टी थोड्याच: गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन क्रमांक आरसीशी जुळतात का, दोन्ही मुदती कधी संपतात आणि वापराची मर्यादा काय लिहिली आहे. ही शेवटची ओळ गोव्याला जाणाऱ्यांनी तरी वाचावी. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याने देण्यासाठी केलेला वापर वगळलेला असतो. गोव्यात भाड्याची अधिकृत गाडी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची असते. पांढऱ्या पाटीची कोणाची तरी घरची गाडी दोनशे रुपये कमी पडतात म्हणून घेतली, तर ग्लोव्ह बॉक्समधला कागद चालू तारखेचा असूनही अपघात झाला तर गाडीच्या नुकसानीची भरपाई कंपनी नाकारू शकते. अशी गाडी ताब्यात घेताना आपण चारही बाजूंचे ओरखडे मोबाइलवर टिपतो. त्याच वेळी ग्लोव्ह बॉक्स उघडून आतल्या कागदाचाही फोटो काढायला हरकत नाही.

बनावट पॉलिसीचाही धंदा आहे. आरटीओच्या बाहेर टपरीवर निम्म्या पैशांत हातोहात मिळणारी पॉलिसी खरीच दिसते, शिक्क्यासकट. एमपरिवहनवर आपल्याच गाडीचा नंबर टाकून आठवड्याभरात ती तिथे दिसते का, एवढं पाहिलं तरी समजतं. अशी पॉलिसी ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवली काय आणि देव्हाऱ्यात ठेवली काय, सारखंच.

गाडीतली प्रत नेमकी कुठे ठेवायची, याला शास्त्र नाही, पण थोडं हवामान आहे. सनव्हायझरच्या पट्ट्यात अडकवलेला कागद हाताशी असतो, पण उन्हाने पिवळा पडतो आणि काचेतून पत्ता दिसतो. दाराच्या कप्प्यात पावसाळ्यात छत्री ठेवली जाते, तेव्हा तिथे कागदाचा लगदा होतो. मागच्या डिकीत ठेवला तर तो काढायला रहदारीत खाली उतरावं लागतं. उरतो ग्लोव्ह बॉक्स. त्याच्या दोन खोडी आहेत. बऱ्याच छोट्या गाड्यांत एसीचा फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. सर्व्हिसिंगला तो बदलताना मेकॅनिक कप्पा रिकामा करतो आणि सामान मागच्या सीटवर ठेवतो. ते परत जाग्यावर येईलच याची खात्री नसते. दुसरी खोडी पाकिटाची. मऊ, चकचकीत प्लास्टिकच्या पाऊचमध्ये लेझर प्रिंट ठेवला की उन्हाळ्यात अक्षरं प्लास्टिकला चिकटून निघून येतात. नागपूर-चंद्रपूरकडे बंद गाडी मे महिन्यात आतून किती तापते ते तिकडच्यांना सांगायला नको. इंकजेटच्या प्रिंटला कोकणातली हवा सोसत नाही. साधं कागदी पाकीट किंवा कडक प्लास्टिकची फाइल बरी. लॅमिनेशन करून घेण्याची हौस विम्याला कामाची नाही, कारण कागद वर्षाने बदलायचा असतो. बदलताना जुना बाहेर काढायचा, एवढं पाळलं तर सुरुवातीला सांगितलेल्या घोळांपैकी अर्धे होतच नाहीत. आणि पूर आला तर कुठलंच पाकीट टिकत नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूणमध्ये गाड्या टपापर्यंत बुडाल्या तेव्हा आतल्या कागदांची काय गत झाली असेल, याची कल्पना करता येते. दावा तर त्यानंतरच करायचा असतो.

एक जोड मात्र सुचवावीशी वाटते. चिठ्ठीवर फक्त कंपनीचं नाव, पॉलिसी क्रमांक, टोल-फ्री नंबर आणि मुदतीची तारीख लिहून ती सनव्हायझरच्या आतल्या बाजूला चिकटवायची. नाव नाही, पत्ता नाही. कोणीही चालवत असला तरी त्याला ती दिसते, आणि चोराच्या काही उपयोगाची नसते.

परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या लोकांना याच प्रश्नाची वेगळीच उत्तरं मिळतात. ब्रिटनमध्ये कागद गाडीत बाळगण्याची सक्ती नाही. विमा असलेल्या गाड्यांची राष्ट्रीय नोंद पोलिसांच्या कॅमेऱ्यांना जोडलेली आहे, आणि तरी मागितलाच तर ७ दिवसांत ठाण्यात नेऊन दाखवायचा. आपल्या कलम १५८ मधले ७ दिवस वाचताना ही आठवण होते. आपला मूळ कायदा इंग्रजांच्याच काळातला. फ्रान्समध्ये पुढच्या काचेवर विम्याची हिरवी चिठ्ठी लावणं सक्तीचं होतं, ती १ एप्रिल २०२४ पासून बंद केली. आयर्लंडमध्ये काचेवरची चकती त्यानंतरही चालू राहिली. अमेरिकेत राज्यागणिक कायदा वेगळा, पण बहुतेक राज्यांत विम्याचा पुरावा गाडीत हवाच, आणि तो ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवण्याची रीत. तिथे प्रश्न कागद कुठे ठेवावा याइतकाच तो कधी काढावा हाही असतो. पोलीस खिडकीशी येण्याआधी ग्लोव्ह बॉक्सकडे हात नेऊ नये, हात स्टिअरिंगवर ठेवावेत आणि विचारून मगच कागद काढावा, हे आधी गेलेले नव्याने गेलेल्यांना आवर्जून सांगतात. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात एक तरतूद मला फार आवडली. विम्याचा पुरावा फोनवर दाखवला तर पोलिसाने त्या फोनमधलं दुसरं काही पाहायचं नाही. आपल्याकडेही फोनवर कागद दाखवायची मुभा आहे, पण उघडा फोन दुसऱ्याच्या हातात गेल्यावर त्याने काय पाहावं, यावर आपले वाहन नियम बोलत नाहीत. आपण पडदा त्यांच्याकडे वळवून दाखवावा, फोन हातातून सोडू नये.

राहता राहिली गाडी विकण्याची वेळ. आपण गाडीतून गणपती काढून घेतो, चार्जर काढून घेतो, गाण्यांचा पेन ड्राइव्ह काढून घेतो आणि विम्याचं पाकीट मात्र नव्या मालकाला भेट म्हणून तसंच ठेवतो. नवा मालकही खूश असतो, अजून आठ महिने शिल्लक आहेत म्हणून. कलम १५७ प्रमाणे विक्रीबरोबर विमा नव्या मालकाकडे गेला असं मानलं जातं, आणि नाव बदलून घेण्यासाठी त्याने १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करायचा असतो. पण हे मानणं फक्त थर्ड पार्टीपुरतं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने कम्प्लीट इन्शुलेशन्स विरुद्ध न्यू इंडिया अशुरन्स या खटल्यात सांगून ठेवलं. नाव न बदलता नवा मालक नाक्यानाक्यावर जुन्या मालकाच्या नावाचा कागद दाखवत फिरतो, तारीख चालू असल्यामुळे कोणी अडवत नाही, आणि पहिल्यांदा गाडी ठोकून गॅरेजमध्ये नेली की सर्व्हेअर तो कागद हातात घेऊन पहिला प्रश्न विचारतो, हे नाव कोणाचं?